पुरुष सायकलपटू पायांचे केस का काढतात? आणि कोल्हापुरात सायकल मारणाऱ्यानं ते काढावेत का?

रविवारी पहाटे रंकाळ्याच्या कडेनं किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर गेलात, तर सायकलवाल्यांचा एखादा गट दिसतोच. हेल्मेट, गॉगल, अंगाला चिकटलेली जर्सी, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा. कोल्हापूरकरांना आता याची सवय झाली आहे. पण त्या गटात एखाद्याचे पाय मांडीपासून घोट्यापर्यंत गुळगुळीत दिसले, की चहाच्या टपरीवर प्रश्न ठरलेला. "काय भावा, पाय पण तासून आलायस काय?"

प्रश्न चेष्टेचा असला तरी नव्यानं सायकल घेतलेल्या पोरांना तो खरंच पडतो. युरोपातल्या रेसचे रील बघितले की एकाच्याही पायावर केस दिसत नाही. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' झाली, तेव्हा तसेच पाय आपल्याकडच्या रस्त्यावरही बघायला मिळाले. मग ग्रुपमधला कोणी तरी सांगतो, सिरियस असशील तर केस काढ, वेग वाढतो. घरचे म्हणतात, पोरीसारखं हे काय नवीन काढलंस. दोघांचंही ऐकून घ्यायचं म्हटलं तर आधी एवढं तरी कळायला पाहिजे, की केस काढल्यानं नेमकं होतं काय.

वेग खरंच वाढतो का?

सायकल सपाट रस्त्यावर जोरात चालवताना आपली सगळ्यात जास्त ताकद हवा कापण्यात जाते. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास तर बहुतेक सगळी लढाई हवेशीच असते, आणि त्या हवेला अडवणारी मुख्य वस्तू सायकल नसून वर बसलेला माणूस असतो. त्यामुळं माणसाच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट तपासून बघायची खोड सायकलच्या जगात जुनी आहे. केसही त्यातून सुटले नाहीत.

१९८७ मध्ये चेस्टर काइल या अमेरिकी अभ्यासकानं 'बायसिकलिंग' मासिकात याचा हिशोब मांडला. काइल म्हणजे सायकल आणि हवेचा विरोध या विषयातलं त्या काळचं मोठं नाव. त्यांनी विंड टनेलमध्ये, म्हणजे मोठ्या पंख्यांनी मोजूनमापून वारा सोडणाऱ्या बोगद्यात, कृत्रिम पाय ठेवून केसांसह आणि केसांशिवाय मोजमाप घेतलं. फरक निघाला ०.६ टक्के. ताशी ३७ किलोमीटरनं ४० किलोमीटर गेलात तर साधारण ५ सेकंद वाचतील एवढा. पुढची २५ वर्षं सगळे हेच सांगत राहिले, की वेगाबिगाचं काही नाही, ती नुसती फॅशन आहे.

मग २०१४ आलं. स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीचं कॅलिफोर्नियात स्वतःचं विंड टनेल आहे. तिथं जेसी थॉमस नावाचा ट्रायथलॉनपटू पायावर भरपूर केस घेऊन आला होता. कंपनीच्या इंजिनिअरांनी त्याला आधी केसांसह आणि मग केस काढून टनेलमध्ये बसवलं. हवेचा विरोध सुमारे ७ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे साधारण १५ वॅट वाचले आणि ४० किलोमीटरला ७९ सेकंद. त्यांनाच पटेना, म्हणून आणखी सायकलपटूंवर तोच प्रयोग केला. एकूण सहा जणांत ५० ते ८२ सेकंदांपर्यंत फायदा दिसला. गंमत म्हणजे सगळ्यात केसाळ माणसाला सगळ्यात जास्त फायदा, असंही सरळ गणित निघालं नाही.

५ सेकंद कुठं आणि ७९ कुठं! एवढी तफावत का? एक तर काइल यांचा पाय खोटा होता, हलत नव्हता. दुसरं, केसांचा परिणाम ते किती दाट आहेत आणि कसे पसरलेत यावर अवलंबून असतो. दुसऱ्या प्रयोगाबद्दल हेही लक्षात ठेवायला पाहिजे, की माणसं सहाच होती, प्रयोग सायकल विकणाऱ्या कंपनीचा होता आणि निकाल व्हिडिओतून जगासमोर आले. त्यामुळं ७९ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण फायदा शून्य आहे, असंही आता म्हणता येत नाही.

इथं क्रिकेट बघणाऱ्याला एक शंका येईल. बॉलची एक बाजू खडबडीत ठेवतात, गोल्फच्या बॉलवर खळगे असतात, मग खरखरीत पाय हवेत चांगला का नाही चालणार? शंका बरोबर आहे. ठरावीक जागी, ठरावीक मापाचा खडबडीतपणा असेल तर हवा पायाला चिकटून वाहते आणि मागं भोवरे कमी होतात. रेसमधले लोक म्हणूनच रेघारेघांचे उंच मोजे घालतात. ते मोजे इतके वर चढायला लागले, की जागतिक सायकल संघटना यूसीआयला नियम करावा लागला : मोजा घोटा आणि गुडघा यांच्या मध्याच्या वर जाता कामा नये. पायावरचे केस मात्र मापात नसतात आणि वाऱ्यात फडफडतात. त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

कोल्हापूरच्या रस्त्यावर या आकड्यांचं काय होतं?

वरचे सगळे आकडे एकट्यानं, वाकून, घड्याळाविरुद्ध सायकल मारणाऱ्याचे आहेत. आपण तशी मारतो का?

हवेशी लढायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ताकद आठपट. हाच हिशोब उलटा लावा. रेसच्या वेगाला १५ वॅट वाचत असतील, तर त्याच्या निम्म्या वेगाला दोनच्या आसपास वाचतील. दोन वॅट तर मातीनं माखलेली कोरडी चेनच खाऊन टाकते. वाऱ्यानं फुगणारा सैल टी-शर्ट त्याच्या कितीतरी पट जास्त खातो.

आता कोल्हापुरात सायकल मारणारे काय करतात ते बघा. बरेच जण बीआरएमच्या नादाला लागलेत. यात स्पर्धा नसते, दिलेल्या वेळेत अंतर संपवायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास. म्हणजे थांबे धरून ताशी साधारण १५ किलोमीटर. या खेळात झोप, पाणी आणि पंक्चर यांवर तास जातात. तिथं पायावरच्या केसांचे सेकंद मोजणं म्हणजे उसाचा ट्रक वजनकाट्यावर घेऊन ड्रायव्हरच्या खिशातली चिल्लर वजा करण्यासारखं आहे.

पन्हाळ्याचं तर विचारूच नका. वाघबीळ सोडून चढाला लागलात, की बहुतेकांचा वेग १०-१२ वर येतो आणि लढाई हवेशी राहतच नाही, ती स्वतःच्या वजनाशी सुरू होते. गगनबावड्याच्या वाटेवरही गटानं गेलात तर पुढच्याच्या आडोशाला बसणाऱ्याची जेवढी ताकद वाचते, तिच्यापुढं केस काहीच नाहीत.

वेगळं गणित आहे ते गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ ला जाणाऱ्यांचं. २०१९ पासून पणजीला होणाऱ्या या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहून झालं की ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं असतं. सायकल एकट्यानं मारायची, दुसऱ्याच्या मागं चिकटून बसायला बंदी. तुमचा वेग ३५ च्या वर राहत असेल, तर केस काढून दीड-दोन मिनिटं वाचू शकतील. मुंबई-पुणे रेससारख्या स्पर्धेत उतरणाऱ्यांनाही सेकंदाची किंमत कळते. बाकीच्यांनी वेगाच्या आशेनं ब्लेड हातात घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पडल्यावर उपयोग होतो म्हणतात, ते?

जुन्या सायकलवाल्याला विचारलं तर तो वेगाचं नावही काढत नाही. तो सांगतो, पडल्यावर कळेल.

पडणं हे सायकलमध्ये जवळजवळ ठरलेलं आहे. आणि कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की त्याची सोय रस्ताच करून ठेवतो. शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती डांबरावर पसरते, ट्रॉलीतून पडलेल्या उसाच्या कांड्या आणि पाला वळणावर साठतो, वर पहाटेचं दव. चाक सरकलं की माणूस कुशीवर पडून घासत जातो. मांडीची बाजू, गुडघा, पोटरी, सगळीकडची सालटी निघतात आणि त्यात बारीक खडी रुतते. सायकलवाले याला रोड रॅश म्हणतात.

अशी जखम केसाळ पायावर असेल तर तीन त्रास होतात. खडी आणि माती केसांत अडकते, त्यामुळं धुणं अवघड. रक्त सुकलं की केस त्यात चिकटून बसतात. आणि पट्टी किंवा चिकटपट्टी काढताना जखमेइतकंच आजूबाजूचे केस ओढले जाऊन माणूस ओरडतो. रोज दोन वेळा हे करायची वेळ आली, की गुळगुळीत पायाचं महत्त्व न सांगता पटतं.

मात्र इथं एक पाऊल पुढं जाऊन "केस असले की जखम पिकते" असंही सांगितलं जातं. ते तसं मान्य करू नका. केस म्हणजे घाण, या समजुतीनं दवाखान्यात ऑपरेशनआधी वर्षानुवर्षं वस्तऱ्यानं केस काढायचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याच्या उलट सांगितलं : शक्यतो केस काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरनं कापा, वस्तरा वापरू नका. कारण वस्तऱ्यानं कातडीला डोळ्याला न दिसणारे बारीक काप जातात आणि जंतूंना तिथून वाट मिळते. ऑपरेशन वेगळं आणि रस्त्यावरची जखम वेगळी, हे खरं. पण यातून एवढं कळतं, की फायदा आहे तो जखम धुण्याचा आणि पट्टी बदलण्याचा. आणि जो पाय कालच ब्लेडनं ओरबाडून घेतलाय, तो काही जास्त सुरक्षित नाही.

केस असोत नसोत, पडल्यावर काय करायचं ते महत्त्वाचं. भरपूर स्वच्छ पाण्यानं जखम धुवा, आजूबाजूला साबण लावा, दिसणारी खडी काढा. खोल रुतलेली असेल तर घरी उकरत बसू नका, डॉक्टरांकडं जा. हळद, टूथपेस्ट, शाई यातलं काहीही त्यात भरू नका. उघडी ठेवून खपली धरू देण्यापेक्षा मेडिकलमध्ये मिळणारी न चिकटणारी जाळीदार पट्टी लावलेली बरी. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर मातीत घासलेल्या जखमेला ते पुन्हा घ्यावं लागतं. डॉक्टरांना आपण होऊन आठवण करा.

मालिशचं कारण कोल्हापूरला समजावून सांगायची गरज नाही

व्यावसायिक सायकल संघांत रोजच्या रेसनंतर पायांची मालिश होते. तीन आठवड्यांच्या टूर द फ्रान्समध्ये माणूस रोज चार-पाच तास सायकल मारतो आणि संध्याकाळी मालिशच्या टेबलावर आडवा होतो. केसाळ पायावर रोज तेल चोळलं की केस मुळाशी ओढले जातात, मुळं सुजतात, पुळ्या येतात. ज्या गावात गंगावेश आणि मोतीबागसारख्या तालमी आहेत, तिथं तेल लावून अंग रगडून घेणं काय असतं हे वेगळं सांगायला नको. आणि त्या रगड्यात उलट्या बाजूनं हात फिरला की केस कसे तुटतात, हेही!

केस रगडल्यानं मुळाशी जे गळू होतं, त्याला आपल्याकडं केसतूड म्हणतात. नेमका शब्द आहे. फक्त अडचण अशी, की चुकीच्या पद्धतीनं दाढी केल्यासारखे पाय केले तरी केसतूडच होतं. महिन्यातून एकदाही मालिश न करून घेणाऱ्यानं मालिशच्या नावाखाली केस काढणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

मग खरं कारण कोणतं?

खरं सांगायचं तर बहुतेक जण केस काढतात, कारण बाकीचे काढतात. वेलोमिनाती नावाच्या सायकलवेड्या मंडळींनी अर्ध्या थट्टेत सायकलचे नियम लिहून ठेवलेत, त्यात ३३ वा नियम पाय गुळगुळीत ठेवण्याचा आहे. २०१६ च्या जानेवारीत तेव्हाचा विश्वविजेता पीटर सागान केसाळ पायांनी दिसला, तर सायकलच्या जगात त्याचीच बातमी झाली. विश्वविजेत्याला जिथं विचारणा होते, तिथं ग्रुपमधल्या नव्या पोराचं काय! गुळगुळीत पाय म्हणजे "मी नुसता हौशी नाही" असं सांगणारा गणवेश आहे. कुणाला तो घालावासा वाटला तर त्यात वाईट काही नाही. फक्त तो गणवेश आहे, इंजिन नाही, हे माहीत असावं.

उलट बाजूनं "बायकांसारखं" म्हणून हिणवणारे आहेत. मला हा मुद्दा कोल्हापुरात तरी कळत नाही. इथं शरीरसौष्ठव स्पर्धा लागली की मैदान भरतं. स्टेजवरच्या एकाही गड्याच्या छातीवर, मांडीवर केस नसतो, कारण केस असले तर कमावलेलं शरीर दिवाखाली दिसत नाही. त्याच्या पुरुषपणावर कुणी बोट ठेवत नाही. पोहणारेही मोठ्या स्पर्धेआधी अंगावरचे केस काढतात. त्यांच्या बाबतीत तर १९८९ मध्ये शार्प आणि कॉस्टिल या अमेरिकी अभ्यासकांनी प्रयोग करून दाखवलं, की केस काढल्यावर पोहणाऱ्याचा एका हातात जास्त पल्ला निघतो आणि दमही कमी लागतो. ऑलिंपिकला गेलेला वीरधवल खाडे ज्या गावाचा, त्या गावाला हे नवीन नसावं. सायकलवाल्याच्या पायाला मात्र वेगळा न्याय लावला जातो. त्यातही चेष्टेला घाबरून केस ठेवायचे आणि ग्रुपला घाबरून काढायचे, दोन्हीत माणूस स्वतःच्या पायाबद्दल दुसऱ्यालाच विचारतो.

काढायचेच असतील तर

आधी ट्रिमर. खरं तर बहुतेकांनी ट्रिमरवरच थांबावं. केस दोन-तीन मिलिमीटरचे झाले की जखम धुणं आणि पट्टी काढणं सोपं होतं आणि कातडीला काप जात नाहीत. गुळगुळीतच पाहिजे असेल तर कोमट पाण्यानं अंघोळ करून, नवीन ब्लेड घेऊन, फेस किंवा जेल लावून, केस ज्या दिशेनं वाढतात त्या दिशेनं हळू फिरवायचं. गुडघा आणि नडगी या कापायच्या ठरलेल्या जागा, तिथं घाई नको. ब्लेड दुसऱ्याचं वापरायचं नाही, सलूनमध्येही डोळ्यांदेखत नवीन टाकून घ्या. वॅक्सिंग जास्त दिवस टिकतं, पण केस आत वळून पुळ्या यायची शक्यता असते. क्रीम वापरणार असाल तर आदल्या दिवशी थोड्या जागेवर लावून बघा.

रेसच्या आदल्या रात्री पहिल्यांदा केस काढू नका. दुसऱ्या दिवशी घाम आणि सनस्क्रीन त्या कातडीला असं झोंबतं, की वाचलेले सेकंद परत जातील. चार-पाच दिवस आधी काढा. ज्यांना मधुमेह आहे किंवा पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत, त्यांनी ब्लेडच्या वाटेला जाऊच नये.

काढले की दाट येतात, ही भीती मात्र सोडा. १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी मोजून दाखवलं, की दाढी केल्यानं केस जाड होत नाहीत आणि लवकरही वाढत नाहीत. ब्लेडनं कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं, इतकंच. ती खरखर आणि खाज पहिला आठवडाभर छळते. मग एक तर नेमानं काढत राहा नाही तर पुन्हा वाढू द्या.

आणि एक जागा अशी आहे, जिथं ब्लेड अजिबात न्यायचं नाही. पॅड असलेली सायकलची चड्डी आत दुसरं काही न घालता वापरतात, तिच्या पॅडखालचा भाग. ग्रुपवर मोकळेपणानं कोणी बोलत नाही, पण २०० किलोमीटरच्या राइडमध्ये माणसं सायकल सोडतात ती बऱ्याचदा तिथल्या फोडांमुळं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी ब्रिटनच्या महिला सायकलपटूंना सीटच्या जखमांनी बेजार केलं होतं. तज्ज्ञांनी त्यांना त्या जागेचे केस काढणं बंद करायला सांगितलं आणि त्रास कमी झाला. तिथं केस घाम वाहून नेतात आणि कातडीचं घर्षण कमी करतात. पुरुषांची कातडी काही वेगळी नाही. बीआरएमची तयारी करत असाल, तर पोटरीवरच्या केसांपेक्षा हे जास्त कामाचं आहे. राइड संपल्यावर त्याच चड्डीत नाश्त्याला तासभर बसू नका, आधी बदला.